हळद-मिठाची बादली

जुबैल मार्केटच्या मासळीच्या हॉलमध्ये प्रमिलाबाई शिरल्या की विक्रेते आधी एकमेकांकडे बघत आणि मग आपापल्या बर्फाकडे. बाई घेणार एकच सुरमई, पण त्या एका सुरमईसाठी अख्ख्या रांगेचे कल्ले उचलून बघणार, पोटावर बोट दाबणार आणि शेवटी मासा नाकाशी नेऊन असा चेहरा करणार, जणू त्याने काहीतरी खोटं सांगितलं आहे.

“कल का है.”

“नई अम्मा, अभी उतरा. गाडी खडा है बाहर.”

“गाडी आज की होगी. मछली कल की है.”

हे नाक त्यांनी हर्णैहून आणलं होतं. वडील पोस्टात होते, मासेमारीशी घराचा संबंध फक्त ताटापुरता. पण बंदरावरचा लिलाव बघत वाढलेल्या मुलीला जे कळायचं ते कळतंच. राजाभाऊंशी लग्न झालं आणि त्या शारजाला आल्या. राजाभाऊ नळ-बेसिन विकणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचे, अजूनही बघतात. रोल्लातल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. खाली केरळी हॉटेल, समोर सोन्याची दुकानं, मागच्या बाजूला एक अरुंद बाल्कनी, जिच्यातून फक्त दुसऱ्या बाल्कन्या दिसतात. एवढ्याशा जागेत मुलगा वेदांग जन्मला, शिकला, लग्न करून दुबईला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला गेला. प्रमिलाबाई तिथेच राहिल्या, मासे निवडत.

एक गोष्ट त्यांच्या स्वतःच्या कधी लक्षात आली नव्हती. इतक्या वर्षांत या देशाचा समुद्र त्यांनी लांबून, कॉर्निशच्या कठड्याआडूनच काय तो पाहिला होता. जवळून पाहिला तो बर्फावर मांडलेला, डोळे उघडे ठेवून आडवा पडलेला, किलोच्या भावाने.

सून प्रज्ञा कोथरूडची. तिच्या माहेरी अंड्याचं नाव निघालं तरी खिडक्या उघडत. लग्नानंतर पहिल्याच जेवणाला प्रमिलाबाईंनी तिसऱ्यांचं सुकं केलं होतं आणि प्रज्ञाने हसतमुखाने वरण-भात खाल्ला होता. भांडण असं कधी झालं नाही. प्रज्ञा एका मालवाहतुकीच्या कंपनीत ऑडिटचं काम करते, सकाळी निघते, रात्री येते. सासूशी ती आदराने, थोडं लांबून बोलते. प्रमिलाबाईंच्या मते मुलगी गुणी होती, फक्त तिच्याशी बोलायला विषय सापडत नव्हता. माशांवर बोलता येत नव्हतं आणि पक्ष्यांवर प्रमिलाबाईंना बोलता येत नव्हतं.

कारण प्रज्ञाला पक्ष्यांचं वेड होतं. मुलीच्या, ओवीच्या, जन्मानंतर केव्हातरी ते लागलं आणि वाढतच गेलं. तिच्यासारखीच आणखी काही माणसं होती. ती सगळी मिळून अधूनमधून कलब्याच्या बंदरातून बोट ठरवत आणि पूर्वेच्या खोल समुद्रात जात. तिथे म्हणे असे पक्षी असतात जे जमिनीवर फक्त अंडी घालण्यापुरते येतात. कधी डॉल्फिन दिसतात, नशीब असलं तर देवमासा. या फेऱ्या एक म्हातारा इंग्रज चालवायचा. तो कायमचा मायदेशी गेला आणि या ऑक्टोबरची फेरी पहिल्यांदाच प्रज्ञाकडे आली. सगळ्यांना ते पटलं होतं असं नाही. ही जबाबदारी लियाकतला द्यावी असं अर्ध्या लोकांना वाटत होतं. लियाकत मूळचा मिरजेचा, विमा कंपनीत नोकरीला, इंग्रजाबरोबर सर्वांत जास्त वेळा गेलेला. तो स्वतः काही बोलला नव्हता, पण ‘बघू या मॅडमना जमतं का’ असं त्याने ग्रुपवर लिहिलं होतं आणि पुढे हसरा चेहरा टाकला होता. त्या हसऱ्या चेहऱ्याने प्रज्ञाची झोप उडवली होती. ही फेरी फसली तर पुढची आपल्याला मिळणार नाही, हे तिने वेदांगला फोनवर सांगितलेलं प्रमिलाबाईंनी ऐकलं.

आठवड्याच्या मध्यावर प्रज्ञा एक रंगाची रिकामी झालेली मोठी बादली घेऊन रोल्लाला आली. झाकणावर चिकटपट्टी.

“अहो आई, हे शनिवारपर्यंत मागच्या बाल्कनीत राहू दे? आमच्याकडे शेजारी लगेच कम्प्लेंट करतात. इकडे खाली हॉटेलच आहे, कुणाला कळणार नाही.”

“काय आहे त्यात?”

“माशांची डोकी, आतडी, तारलीचं तेल. बोटीवर लागतं. पक्ष्यांसाठी.”

फोन वाजला आणि प्रज्ञा घाईघाईने निघून गेली.

प्रमिलाबाईंनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीचं दार उघडलं आणि त्या मागे सरकल्या. झाकणाच्या फटीतून जे येत होतं त्याला वास म्हणणं म्हणजे सौजन्य झालं. उन्हाने बादली तापली होती. प्रमिलाबाई तिथेच उभ्या राहिल्या आणि त्यांना सुनेची मनापासून कीव आली. बिचारी. शाकाहारी घरातली पोर. मासा टिकवायचा कसा हे तिला कोण सांगणार? नुसतं झाकण लावलं की झालं, असं वाटलं असणार तिला. शनिवारी सगळ्या लोकांसमोर झाकण उघडणार, आत हे असलं निघणार, आणि तो मिरजेचा हसणार.

त्यांनी पदर खोचला. बादली न्हाणीघरात नेली. काळं, तेलकट पाणी ओतून टाकलं. डोकी आणि तुकडे तीन पाण्यांनी धुतले. आतड्यांचं काही होण्यासारखं नव्हतं, ती पिशवीत बांधून थेट खालच्या कचऱ्यात. मग हळद लावली, जाडं मीठ लावलं, वरून कोकमाचं आगळ शिंपडलं. झाकण नीट बसवलं, नवी चिकटपट्टी लावली. हात धुताना त्यांना फार बरं वाटलं. सुनेसाठी काहीतरी करता आलं होतं, आणि तेही न सांगता.

शुक्रवारी वेदांगला अचानक ऑफिसचं काम निघालं, बोटीतली एक जागा रिकामी झाली.

“अहो आई, तुम्ही येता?” प्रज्ञाने फोनवर विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं असावं.

“मी? तिथे काय करू?”

“जा की,” राजाभाऊ पेपरामागून म्हणाले. “तुझ्या माशांचं घर तरी बघून ये.”

शनिवारी उजाडायच्या आत प्रज्ञा गाडी घेऊन आली. बादली उचलून तिने डिकीत ठेवली, झाकणाशी नाक नेलं आणि खूश होऊन म्हणाली, “व्वा, अजिबात वास येत नाहीये. झाकण एकदम घट्ट बसलंय.”

प्रमिलाबाई नुसत्या हसल्या. शाबासकी मागून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

डोंगरातला बोगदा ओलांडून गाडी कलब्याला उतरली तेव्हा समुद्राला नुकता रंग येत होता. पहाटेचा समुद्र म्हणजे बोलता बोलता कुणीतरी मध्येच गप्प झाल्यासारखा असतो. धक्क्यावर दुर्बिणी गळ्यात घातलेली माणसं उभी होती. बोटीचा मालक आणि चालक फहद, कलब्याचाच, तरणाबांड, डोक्याला गुलाबी रुमाल गुंडाळलेला. त्याने प्रमिलाबाईंना हात देऊन वर घेतलं. “आओ माँजी. उल्टी का थैली उधर है.”

“मला लागत नाही,” प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि खरंच लागली नाही. लागली ती लियाकतच्या शेजारच्या एका धिप्पाड इंजिनियरला, बंदर सुटल्याबरोबर.

किनारा धूसर झाला, डोंगर कागदावरच्या पुसट रेघेसारखे उरले आणि प्रज्ञाने फहदला इंजिन मंद करायला सांगितलं. ती बोटीच्या मागच्या टोकाला उभी राहिली. आवाज मोठा करून तिने सगळ्यांना समजावलं: खोल समुद्रातल्या या पक्ष्यांचं नाक फार तिखट असतं. कुजक्या माशाचा वास त्यांना मैलोन् मैल अंतरावरून लागतो. आपण तो पाण्यावर सोडायचा आणि वाट बघायची. “पाहुणे लांबून येतात,” ती म्हणाली, “त्यामुळे वास जितका घाण तितका चांगला.”

प्रमिलाबाईंची नजर बादलीवरच्या नव्या चिकटपट्टीवर गेली आणि तिथेच राहिली.

प्रज्ञाने चिकटपट्टी काढली. सगळ्यांनी आधीच नाकाला रुमाल लावले होते. झाकण निघालं. आत पिवळीधमक डोकी ओळीने पडली होती, स्वच्छ, आंघोळ घातल्यासारखी. मग एकेकाने रुमाल खाली घेतला.

“वास तर छान येतोय,” आजारी इंजिनियर क्षीण आवाजात म्हणाला.

लियाकत वाकला, हुंगून बघितलं. “कोकम? मॅडम, ये पंछी लोगों का दावत है क्या? तवा कुठे आहे?”

प्रज्ञाने बादलीकडे पाहिलं. मग एकदाच, ओझरतं, सासूकडे. तेवढ्यात तिला सगळं कळलं, हे प्रमिलाबाईंनाही कळलं.

“नवीन पद्धत आहे,” प्रज्ञा म्हणाली. “मीच केली. ट्राय करून बघू.”

पिवळे तुकडे पाण्यात पडले. मागे हळदीचा एक पट्टा लांबत गेला. एक काळपट कुरव पक्षी आला, एका डोक्यावर चोच मारून बघितली, ते टाकून दिलं आणि निघून गेला. त्यानंतर कुणीच आलं नाही. आभाळ मोठं होतं आणि त्यात काहीही नव्हतं. माणसं आधी दुर्बिणीतून बघत होती, मग हातातल्या फोनकडे बघू लागली. ‘तो इंग्रज असता तर आत्तापर्यंत...’ असं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. लियाकतने हळूच मान डोलावली.

प्रज्ञा पाठमोरी उभी होती. रिकाम्या पाण्याला दुर्बीण लावून ती इतकी ताठ उभी होती, की प्रमिलाबाईंना तिची मान बघवेना. त्यांना वाटलं, ही पोर माझ्यासाठी खोटं बोलली. कोथरूडची, खोटं बोलायची सवय नसलेली.

त्या उठल्या. बोट कलली, म्हणून त्यांनी लियाकतचा खांदा घट्ट धरला.

“हिने नाही केलं. मी केलं. मासा सडत होता, मला बघवलं नाही. तीन पाण्यांनी धुतला, हळद-मीठ लावलं, वर आगळ घातलं. कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला.”

मग लियाकत इतक्या जोरात हसला की पुढे बसलेल्या फहदने मान वळवली.

“काकू, मग पाट-रांगोळी पण करायची होती ना! एवढं केलंच होतं तर.”

“पुढच्या वेळी करीन. तू आधी तुझ्या दोस्ताला पाणी पाज, पांढरा पडलाय तो.”

सगळे हसले. प्रज्ञा हसली नाही. ती एवढंच म्हणाली, “अहो आई, बसा खाली. पडाल.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

प्रमिलाबाई बसल्या नाहीत. लांब क्षितिजाशी एक मासेमारीची लाँच डुलत होती. त्या पुढे जाऊन फहदला म्हणाल्या, “वो किसका नाव है?”

“वो राजन का लोग. टूना पकड़ता.”

“उधर ले चलो. उनके पास खराब माल होगा.”

फहदने माँजींकडे बघितलं, मग प्रज्ञाकडे. आजची फेरी तिची होती. प्रज्ञाने दुर्बीण खाली घेतली. एक क्षण ती सासूकडे बघत राहिली.

“यल्ला, चलो,” ती म्हणाली.

लाँच जवळ आली. तिच्यावर सहा-सात माणसं जाळं ओढत होती. त्यांचा म्होरक्या राजन, केरळचा, उघडाबंब, मानेवर पंचा. बाई गिऱ्हाईक दिसतेय म्हटल्यावर त्याने चमचमणारी एक सुरमई शेपटीला धरून वर केली. कल्ले लालभडक. तिच्याकडे बघून प्रमिलाबाईंचा जीव कासावीस झाला.

“अम्मा, एकदम फ्रेश! अभी निकाला!”

“फ्रेश नहीं चाहिए.”

“क्या?”

“कल का दो. परसों का है तो परसों का दो. सड़ा हुआ.”

राजनने सुरमई खाली घेतली. त्याचा चेहरा बदलला. “अम्मा, हमारा नाव में सड़ा हुआ नहीं मिलता. पूछो कलबा में, फुजैरा में पूछो. राजन का माल कभी...”

“अरे, मैं कुछ बोल रही हूँ क्या तुम्हारे माल को? अच्छा है, बहुत अच्छा है. लेकिन मेरे को खराब चाहिए.”

“खराब है ही नहीं तो कैसा देगा?”

मागची माणसंही आता कामं सोडून जमली. एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, दोघेही गंभीरपणे बाईकडे बघू लागले. आयुष्यभर ज्यांच्याशी ताज्यासाठी भांडल्या, त्यांच्याशी आता शिळ्यासाठी भांडावं लागत होतं, आणि राजन आपल्या अब्रूवरून एक पाऊल मागे हटायला तयार नव्हता.

शेवटी प्रज्ञा कठड्याशी आली. “भैया, खाने के लिए नहीं. चिड़िया के लिए. आतड़ी, खून, जो फेंकते हो वो.”

“ओ! कचरा!” राजनचा जीव भांड्यात पडला. “ऐसा बोलो ना अम्मा. मेरा इज़्ज़त निकाल दिया.”

त्याने एका खोक्यावरचं ताडपत्रीचं टोक उचललं. आत टूनाची आतडी आणि रक्त दोन दिवसांपासून उन्हात पडलेलं. वास एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर चालत आला. पक्षिप्रेमी मंडळी एक पाऊल मागे गेली आणि इंजिनियर पुन्हा कठड्याकडे धावला. प्रमिलाबाईंनी खोकं हातात घेतलं, सवयीने नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

“हं,” त्या म्हणाल्या. “हे चालेल.”

राजन पैसे घेईना. कचऱ्याचे पैसे घेतले तर लोक काय म्हणतील, असं म्हणाला. मग प्रमिलाबाईंनी वाटेत खायला आणलेल्या नारळाच्या वड्यांचा डबाच त्याच्या हातात ठेवला.

इंजिन मंद ठेवून दोघी मागच्या टोकाला बसल्या. प्रज्ञाने बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात त्या लगद्यात घातला. मूठ भरून पाण्यावर सोडली. प्रमिलाबाई बघत राहिल्या. शेवटी राहवेना.

“तुला घाण नाही वाटत? घरी तर माशाच्या ताटाजवळ बसत नाहीस.”

“तिथे मला कुणीतरी खायला सांगेल अशी भीती असते,” प्रज्ञा म्हणाली. “इथे फक्त वाढायचं असतं.”

वाढणं म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनीही मूठ भरली.

आधी तो चिमणीएवढा काळा पक्षी आला. कुठून आला ते कळलंच नाही. पाण्यावर पाय आपटत, थबकत, जणू समुद्र ओला आहे हे त्याला आत्ताच समजलं होतं. “पेट्रेल!” लियाकत ओरडला आणि त्याच्या आवाजातली सगळी थट्टा गेली. मग आणखी एक, मग कितीतरी. मग लांब ताठ पंखांचे शिअरवॉटर आले, लाटेच्या कडेला पंखाचं टोक घासत. आभाळ ज्याने रिकामं केलं होतं त्यानेच ते आता घाईघाईने भरायला घेतलं होतं. माणसं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावत होती. प्रज्ञा नावं सांगत होती आणि तिचा आवाज हळूहळू तिचा स्वतःचा होत होता.

तेव्हाच दूरवर पाण्यातून धुरासारखा एक झोत उठला आणि वाऱ्यावर मोडला.

“व्हेल!”

सगळी बोट एकाच तोंडाने ओरडली. “फहद, भगाओ!” फहदचा हात गतीच्या दांड्यावर गेला.

“नाही,” प्रज्ञा म्हणाली. “इंजिन बंद.”

“अगं निघून जाईल तो!” लियाकत अहो-जाहो विसरला.

“गेला तर गेला. मागे लागलो तर नक्की जाईल.”

कुरकुर झाली. कुणीतरी म्हणालं, एवढ्या लांब आलो, त्याचं काय. प्रज्ञाने कोपरापर्यंत लाल झालेले हात कठड्यावर घट्ट रोवले, हे जवळ बसलेल्या प्रमिलाबाईंनाच दिसलं.

“तिने सांगितलं ना?” प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण जुबैलच्या हॉलमध्ये चालणारा होता. “बसा सगळे.”

सगळे बसले. इंजिन थांबलं. बोटीच्या तळाला पाणी लागायचा आवाज तेवढा राहिला. किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही. मग उजव्या अंगाला, दगड मारला तर लागेल इतक्या जवळ, पाणी गुळगुळीत झालं आणि त्यातून एक पाठ वर आली. काळी, ओली, सावकाश. ती येतच राहिली, येतच राहिली. रात्री पाऊस पडून गेलेल्या डांबरी रस्त्यासारखी, संपायचं नावच घेईना. फुस्स करून श्वास सुटला, त्याचे तुषार सगळ्यांच्या तोंडावर आले. शेवटी मागे एक लहानसं आकडीसारखं पर दिसलं, आणि ते सगळं प्रचंड काहीतरी पुन्हा पाण्याखाली गेलं, घाई न करता.

कुणी फोटो काढला नाही. कॅमेरे गळ्यात लटकत राहिले.

प्रमिलाबाईंनी नकळत हात जोडले होते. “याचे कल्ले कुठे असतात?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“कल्ले नसतात, आई. तो मासा नाही. आपल्यासारखा श्वास घेतो.”

‘अहो’ गळाल्याचं दोघींच्याही लक्षात आलं. दोघींपैकी कुणी ते उचललं नाही.

परत धक्क्याला लागल्यावर लियाकत सगळ्यांत शेवटी उतरला. दुर्बीण पुसत थोडा घोटाळला. “मॅडम, डिसेंबरमध्ये एक ट्रिप बसेल का? म्हणजे तुम्ही करणार असाल तर. मी बाकीच्यांना सांगतो.”

“इन्शाल्ला,” फहदच मध्ये म्हणाला. “मैडम का तारीख मैं लिख लिया.”

प्रज्ञाने मान हलवली. तिने हसून रिकामी बादली उचलली.

दुपारी त्या रोल्लाला पोचल्या. कपड्यांवर रक्त वाळलेलं, केसांत खवले, पायांना बोटीवरचं तेल. इमारतीच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ आधीच उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका. प्रमिलाबाई एरवी दहादा माफी मागून जिन्याने गेल्या असत्या. आज त्या सुनेच्या दंडाला धरून आत शिरल्या, मान वर करून, लग्नघरातून आल्यासारख्या.

दार बंद झालं. गृहस्थांनी श्वास रोखला. पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबताच ते घाईने उतरले.

“सातव्यावर राहतात ते,” प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि चौथा मजला येईपर्यंत दोघी भिंतीला टेकून हसत राहिल्या.